ऑकवर्ड होलालंय!

गेल्या रविवारी एका लग्नात मला टॉवेल-टोपीचा आहेर मिळाला. सोलापुरात ही बातमी नव्हे. इथं टॉवेल पिकतो, चादर उगवते आणि दोन्ही मांडवात वाटली जातात. बातमी घरी आल्यावर झाली. टॉवेलची घडी मोडली, तर आतून चिठ्ठी पडली. चिठ्ठीवर माझं नाव. अक्षरही माझंच.

सहा वर्षांपूर्वी त्याच घरच्या वास्तुशांतीला मी दिलेला टॉवेल तो. ऊन न बघता, पाणी न बघता, सहा वर्षं कपाटात काढून माझ्याच खांद्यावर परत.

फोन केला. भांडायला नव्हे, माल सुखरूप पोचला एवढं कळवायला. पलीकडे क्षणभर सगळं गप्प. मग नवरदेवाच्या धाकट्या भावाचा आवाज आला, “ओ काका, लई ऑकवर्ड होलालंय ओ.”

(सोलापूरबाहेरच्यांसाठी : होलालंय म्हणजे होतंय. येलालाय म्हणजे येतोय. एवढ्यावर तुमचं इथं निभावेल.)

नीट ऐका. लाज वाटली, असं पोरगं म्हणालं नाही. ओशाळलो म्हणालं नाही. चूक झाली, हे तर नाहीच नाही. ऑकवर्ड ‘होलालंय’. पाऊस येलालाय, तसं. आभाळातून पडतंय, आपण आडोशाला उभे.

मराठीत लाज ‘मला’ वाटते. खजील ‘मी’ होतो. मान ‘माझी’ खाली जाते, नाक ‘माझं’ कापलं जातं. प्रत्येक वेळी आरोपी जागेवर सापडतो. ऑकवर्डमध्ये पंचनामा होतो, आरोपी फरार.

आमच्या आजीला लाज वाटायची. आईला संकोच वाटायचा. कॉलेजात गेलेल्या मावशीला ‘ऑड’ वाटायला लागलं. बहिणीला ऑकवर्ड वाटतं आणि भाचीला सगळंच क्रिंज. घराण्यात वाटणं खंडलेलं नाही. माध्यम तेवढं इंग्रजी झालं.

शब्दांचा दुष्काळ म्हणावा, तर तसंही नाही. ओशाळणं आहे, वरमणं आहे, गोरंमोरं होणं आहे, कानकोंडं होणं आहे, चोरट्यासारखं वाटणं आहे. गल्लीतला माल वेगळाच : पचका, पोपट, कचरा, इज्जतीचा फालुदा. एवढं भरलेलं कोठार असून पोरं शेजाऱ्याकडे वाटी घेऊन जातात.

भाषाशुद्धीवाल्यांनी लगेच बाह्या सरसावू नयेत. खजील अरबीतून आला. फजितीही तिकडचीच. शरमिंदा फारसीतून. या खात्यात आपण पहिल्यापासून उसनवारीवर. घरची म्हणावी अशी एक लाज होती, तीही आपण सोडली.

सोलापूरला तर उधारीचं कारणच नाही. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्यांकडे सिग्गु आहे. कन्नडवाल्यांकडे नाचिके आहे, शिवाय ऑकवर्डच्या जागेवर नेमका बसणारा मुजुगर आहे. दखनीत शरम, मराठीत लाज. एका गावात चार भाषांची सोय.

चार दुकानं घराखाली आणि ऑर्डर ऑनलाइन.

आता हा पाहुणा मुळात काय म्हणत होता, तेही बघून घ्या. ‘ऑक’ हा जुना शब्द, उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला. अर्थ उलटं, उफराटं. ‘वर्ड’ म्हणजे त्या दिशेला, जसं फॉरवर्ड, बॅकवर्ड. ऑकवर्ड म्हणजे उलट्या दिशेनं चाललेला. लाजेबिजेशी संबंध बऱ्याच उशिरा आला. आधी नुसतीच दिशा चुकलेली.

आपल्याकडे याला राँग साइड म्हणतात.

संध्याकाळी आमच्या ‘सात रस्ता’ चौकात उभे राहा. रस्ते सात आहेत आणि मंडळी आठव्यानं येतात. हँडलला पिशवी, पुढं दप्तरासकट पोरगं, मागं वहिनी, कान आणि खांद्याच्या मध्ये मोबाइल. वर बरोबर बाजूनं येणाऱ्यावरच डोळे वटारायचे. शब्दाच्या जुन्या अर्थानं हे शंभर टक्के ऑकवर्ड. नव्या अर्थानं?

ते तुम्हाला वाटायचं. ब्रेक तुम्ही दाबलाय.

बरं, ऑकवर्ड आणि अवघड हे कानाला सख्खे भाऊ वाटतात. नाहीत. एकाचं घराणं उत्तर युरोपातलं, दुसऱ्याचं इथलं. पण ‘ऑकवर्ड’ ऐकून ‘अवघडल्यासारखं झालं’ असं ज्याला पहिल्यांदा सुचलं असेल, त्याला घबाडच सापडलं. अर्थही जुळला, आवाजही जुळला. पत्रिका न बघता छत्तीस गुण.

आता गंमत पुढं आहे. आपल्याकडे अवघडलेली बाई म्हणजे कोण? दिवस भरत आलेली. आणि इंग्रजीतला दुसरा शब्द, एम्बॅरस, त्याचं स्पॅनिश भावंड आहे ‘एंबारासादा’. अर्थ गरोदर. अर्धवट स्पॅनिश बोलणारी पाहुणी ‘मी बाई अगदी एम्बॅरस झाले’ म्हणायला जाते आणि लोक तिचं अभिनंदन करतात, हा भाषा शिकवणाऱ्या मास्तरांचा ठेवणीतला विनोद. आमच्या आज्यांना यात विनोद दिसला नसता. ‘अवघडलीय’ म्हटलं की त्या बाळंतिणीची खोली झाडायला घेत.

माद्रिद आणि मंगळवेढा. दोघांना एकच सुचलं.

एम्बॅरस इंग्रजीत आला फ्रेंचमधून, तोही लाज घेऊन नव्हे, अडसर घेऊन. मूळ अर्थ अडवणं, वाट रोखणं. त्या हिशोबानं लग्नसराईत भर रस्त्यावर मांडव पडला की रस्ता एम्बॅरस होतो. मांडव घालणारा होत नाही. तो वाकून ‘जेवून जा’ म्हणतो.

आणखी एक साहेबी अर्थ आहे, पैशाची चणचण. कर्जबाजारी म्हणायला जीभ रेटत नसेल, तर ‘फायनान्शियली एम्बॅरस्ड’ म्हणावं. आपल्याकडे हा आजार घेणाऱ्याला होत नाही, देणाऱ्याला होतो. ‘मागायला ऑकवर्ड वाटतं हो’ हे वाक्य आठवा. हे उसने मागणारा बोलत नाही. उसने परत मागणारा बोलतो.

लग्न जुळवताना बघा. समोरच्याला ‘पॅकेज किती?’ विचारताना कुणाला ऑकवर्ड होत नाही. आकडा सांगायची पाळी आली की होतं.

नव्या पेठेत परवा एक साहेब मोठ्या गाडीतून उतरले. अर्धा किलो शेंगाचटणी, दोन पाकिटं कडक भाकरी. ऐटीत फोन पुढं केला. आता गल्ल्यावरचा तो डबा बोलतो ना, किती रुपये आले ते? तो बोलेना. मागं रांग. डबा गप्प. साहेब म्हणाले, “सर्व्हर डाऊन दिसतोय.” मागच्या भाजीवालीनं पंधरा रुपये पाठवले. डबा लगेच ओरडला.

सर्व्हर वर होता. खातं खाली होतं.

आता जरा मोठ्या खात्यांकडे.

मे १९३०. गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर उठलं. गोळीबार झाला. मग पोलीसच शहर सोडून गेले आणि तीन-चार दिवस इथं इंग्रजांचं राज्य नावालाही उरलं नाही. सूर्य न मावळणाऱ्या साम्राज्याला गिरणगावानं दिवसा चांदण्या दाखवल्या. अशा प्रसंगाला साम्राज्याच्या दप्तरात एम्बॅरसमेंट म्हणत. लाजलेल्या साम्राज्यानं मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं.

नाक त्यांचं कापलं. मान आमची गेली.

हाच शब्द गांधीजींनी दहा वर्षांनी वेगळ्या हातानं उचलला. १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह त्यांनी मुद्दाम एकेका निवडक माणसाचा ठेवला. पहिले विनोबा. कारण काय, तर महायुद्धात गुंतलेल्या इंग्रजांना एम्बॅरस करायचं नाही. इथं अर्थ लाजवणं नव्हे, कोंडीत पकडणं. शत्रूची कोंडी नको म्हणून आपणच रांगेत एकेक जायचं, ही सभ्यता जगाला नवी होती. सरकारनं तिची कदर केली. सत्याग्रहींना हजारांनी कोंडलं.

स्वराज्यात पद्धत सुधारली.

३० जुलै २०१२ ला उत्तरेचं वीजग्रीड कोसळलं. ३१ ला पुन्हा कोसळलं, जोडीला पूर्वेचं आणि ईशान्येचं घेऊन. ६० कोटींहून जास्त माणसं अंधारात. केंद्रीय ऊर्जामंत्री कोण? आमचे सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. असल्या वेळी इंग्रजी पत्रं नेमका आपला आजचा शब्द बाहेर काढतात. दिल्लीनं दुसरा काढला : बढती. त्याच ३१ जुलैला शिंदेसाहेब गृहमंत्री.

अंधारात माणसाला जिना सापडत नाही. खुर्ची सापडते.

तेव्हाच्या विरोधकांनी हसू नये, त्यांच्यासाठी विमानतळ राखून ठेवला आहे. होटगी रोडच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते, म्हणून जून २०२३ मध्ये ती पाडली. अर्ध्या गावानं गच्चीवरून पाहिली. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी विमानतळाचं ऑनलाइन उद्घाटन केलं. नियमित विमान सुरू झालं ९ जून २०२५ ला, तेही मुंबईला नव्हे, गोव्याला.

चिमणी एका क्षणात उडाली. विमानाला दोन वर्षं लागली.

मधले आठ महिने विमानतळ नुसताच उद्घाटित होता. ऑकवर्ड म्हणालं का कुणी? म्हणायला प्रवासी तरी हवेत.

इंग्रजीत अजून एक झोकदार प्रयोग आहे, ‘एम्बॅरसमेंट ऑफ रिचेस’. हाही फ्रेंचांचा, अठराव्या शतकातल्या एका नाटकाच्या नावावरून आलेला. इतकं उदंड की काय करावं कळेना, अशी श्रीमंतांची पंचाईत. सोलापूर जिल्ह्यात हे बरोबर वाटून दिलेलं आहे. भीमेवर उजनी धरण, साठा भरला की ११७ टीएमसीच्या घरात. शहराचं नाव जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट सिटींच्या यादीत. आणि नळाला पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड.

रिचेस उजनीत. एम्बॅरसमेंट सोलापुरात.

इथं पाहुण्याला ‘कधी येताय?’ विचारतात, ते प्रेमानं नव्हे. पाण्याच्या दिवशी येताय की कोरड्या, एवढंच बघायचं असतं. पुण्याचा जावई सकाळी उठून सहज म्हणतो, “शॉवर चालू होत नाहीये.” सासूबाई कानकोंड्या होतात. सासरे छताकडे बघतात. मेहुणा बादली घेऊन शेजारी जातो. तीन माणसं लाजतात एका नळापायी. ज्यांचा नळ, ते त्या वेळी मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करत असतात.

सभेतही लाज असते, नाही असं नाही. कोणत्याही सभागृहात जा, ‘शेम शेम’च्या घोषणा दणकून होतात. फक्त त्या समोरच्या बाकासाठी असतात. स्वतःसाठी ‘शेम शेम’ ओरडणारा सदस्य अजून निवडून यायचा आहे.

तुमच्या लक्षात आलं असेल. जुना अर्थ काही मेलेला नाही. लाज निघते एकीकडून आणि राँग साइडनं जाऊन भलत्याच घरी पोचते.

बिचाऱ्या इंग्रजीला किती झोडपायचं? आम्ही पत्रकारही काही कमी नाही. मराठी वर्तमानपत्रात नामुष्की नेहमी ‘ओढवते’. ‘महामंडळावर नामुष्की ओढवली.’ ‘समितीवर सभा गुंडाळण्याची नामुष्की.’ अवकाळी ओढवतो, गारपीट ओढवते, तशी ही. बांधावर उभं राहून पंचनामा करावा, भरपाई मागावी. ओढवून घेणाऱ्याचं नाव सातव्या ओळीत, तेही ‘सूत्रांनी सांगितले’च्या मागं लपलेलं. म्हणजे ‘होलालंय’ हे फोनवरच्या पोराला आम्हीच शिकवलं.

आणि पक्षातल्याच माणसानं आपल्या नेत्याला चार शब्द सुनावले की आम्ही मथळा देतो, ‘घरचा आहेर’. घरचा आहेर म्हणजे काय, हे मला गेल्या रविवारी कळलं. त्यात चिठ्ठी असते.

आपल्याकडे लाजेची दोन खाती होती. एक जनाची, एक मनाची. जनाचं खातं रिकामं झालं, तर वडीलधारे म्हणायचे, निदान मनाची तरी ठेवा. दोन्हींत शिल्लक असावी, अशी पद्धत होती. ऑकवर्डनं तिसरं खातं उघडलंय. यात जनही लागत नाही, मनही लागत नाही. चिठ्ठी सापडली की व्यवहार होतो. नाही सापडली तर खातं झीरो बॅलन्स, आणि टॉवेल झकास.

भाचीचा क्रिंज राहिला. तो तिच्यापेक्षा पुष्कळ थोरला आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्रिंगन’ म्हणजे रणात कोसळणं, मरून पडणं. नंतर त्याचं वाकणं झालं, मग अंग चोरणं, आणि आता दुसऱ्याचं बघून आपल्या अंगावर काटा येणं. पोरांना वाटतं, शब्द कालचा आहे. आपलं ‘मेल्याहून मेल्यासारखं होणं’ दुसरं काय म्हणतं? फरक एवढाच की तिकडे योद्धा स्वतः मरायचा. इकडे वरातीत मामा नागीण डान्स करतो आणि भाची मरते.

मामा उठून पुन्हा सुरू. मामा मीच.

खरं सांगायचं तर भाचीचं मरण मला परवडतं. तिला निदान काहीतरी वाटलं. उद्या तेही ‘होलालंय’ झालं, तर वरातीत मला आवरणार कोण?

असो. टॉवेलचं राहिलं.

फोन ठेवल्यावर मी घरात जरा तोऱ्यात होतो. सहा वर्षांचा पुरावा हातात, गुन्हेगार कबूल. बायकोला म्हटलं, बघ, लोक काय एकेक असतात. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “पण तो टॉवेल तुम्ही तरी विकत कधी आणला होता?”

आठवेना. दुकान आठवेना, पावती आठवेना, पैसे दिल्याचं तर मुळीच आठवेना.

टॉवेल पूर्ण उलगडला. आतल्या घडीत, टाचणीला धरून, अजून एक चिठ्ठी. कागद पिवळा पडलेला. वर माझ्या साडूंचं नाव, खाली ‘सप्रेम भेट’.

येत्या गुरुवारी साडूंच्या धाकटीचा साखरपुडा आहे. टॉवेलला इस्त्री करून पहिल्यासारखी घडी घातलीय. दोन्ही चिठ्ठ्या काढल्यात. टाचणीपण काढलीय.

बायको म्हणते, पुन्हा एकदा झटकून बघा.